झारचा चौक, नागरिकांचा चौक

फिनलंड १९१७ मध्ये रशियापासून स्वतंत्र झाला. तरीही त्याच्या राजधानीच्या मुख्य चौकात, अगदी मधोमध, आजही रशियाचा झार उभा आहे. हा दुसरा अलेक्झांडर. अंगात लष्करी गणवेश, पवित्रा भाषण करणाऱ्याचा आणि बहुतेक वेळा डोक्यावर एखादा समुद्रपक्षी. स्वातंत्र्यानंतर फिनलंडला सोव्हिएत संघाशी दोन युद्धं लढावी लागली, याच शहरावर बॉम्ब पडले, पण हा पुतळा जागचा हलला नाही.

हेलसिंकी पायी पाहायला निघणाऱ्यानं सुरुवात या सेनेट चौकातून करावी. दिवसाचा शेवट करायचा आहे तो ओदी नावाच्या सार्वजनिक वाचनालयात. सरळ रस्त्यानं गेलं तर हे अंतर दीड किलोमीटरही भरत नाही. आपण मात्र त्याला पूर्ण दिवस देणार आहोत, वाटेत बोटीनं एका किल्ल्यावरही जाऊन येणार आहोत. या शहरावर आधी स्वीडननं आणि मग रशियानं राज्य केलं. दोघांनीही आपल्या सोयीसाठी आणि रुबाबासाठी इथं बांधकामं केली. स्वातंत्र्य मिळाल्यावर फिन लोकांनी त्यातलं फारसं काही पाडलं नाही. धन्यांनी मागं ठेवलेली मालमत्ता त्यांनी आपल्या कामाला लावली. ती कशी, हे चालता चालता दिसत जातं.

दिवस निवडावा तो जुलैच्या सुरुवातीचा. हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस इथला दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो आणि डिसेंबरात सहा तासांचाही नसतो. जुलैत निम्मं शहर सुट्टीसाठी तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरांत गेलेलं असतं. रस्ते मोकळे मिळतात आणि रात्री दहापर्यंत उजेड असल्यानं घाई करावी लागत नाही.

हुकमानं झालेली राजधानी

चौकात उभं राहून चारी बाजूंना पाहिलं की सगळ्या इमारती एकाच हातच्या वाटतात, आणि त्या बहुतांशी तशा आहेतही. उत्तरेला उंच पायऱ्यांवर पांढरं कॅथीड्रल, पूर्वेला सरकारचा वाडा, पश्चिमेला विद्यापीठ. पिवळट भिंती, पांढरे खांब, सगळं मोजूनमापून आखलेलं.

हे गाव स्वीडनचा राजा गुस्ताव वासा यानं १५५० मध्ये वसवलं. समुद्रापलीकडच्या टालिनचा व्यापार आपल्याकडे वळवावा, हा त्याचा हेतू होता. तो काही साधला नाही. १६४० मध्ये गाव नदीच्या मुखाकडून आजच्या जागी हलवलं गेलं, पण पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं ते लाकडी घरांचं छोटं बंदरच राहिलं. १७१० च्या प्लेगनं बहुतेक वस्ती नेली. १८०८ च्या आगीत उरलंसुरलं गावही मोठ्या प्रमाणात जळालं. त्याच वर्षी रशियानं फिनलंडवर चढाई केली आणि १८०९ च्या तहानं फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला. झार पहिल्या अलेक्झांडरनं त्याला स्वायत्त संस्थानाचा दर्जा दिला.

तोवर फिनलंडचं मुख्य शहर होतं तुर्कू. ते पश्चिम किनाऱ्यावर, स्टॉकहोमच्या फार जवळ. नव्या धन्याला राजधानी आपल्या बाजूला हवी होती. १८१२ मध्ये त्यानं हेलसिंकीची निवड केली. गाव जळून गेलेलं असल्यामुळे नवी आखणी करायला अडचणही नव्हती. योहान अल्ब्रेक्ट एरेनस्ट्रोम यानं रस्त्यांचा आराखडा तयार केला. इमारतींसाठी बर्लिनमध्ये जन्मलेला, सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेला कार्ल लुडविग एंगेल हा वास्तुकार १८१६ मध्ये आला आणि १८४० मध्ये मरेपर्यंत इथंच बांधत राहिला. एखाद्या वास्तुकाराच्या वाट्याला आख्खी राजधानी येण्याचे प्रसंग इतिहासात थोडेच आहेत. त्याचं हेलसिंकी सेंट पीटर्सबर्गसारखं दिसतं, म्हणून शीतयुद्धाच्या काळात ज्या चित्रपटवाल्यांना रशियात चित्रीकरणाची परवानगी मिळत नसे, ते हेलसिंकीत येत. ‘रेड्स’ आणि ‘गोर्की पार्क’ या चित्रपटांतला रशिया मोठ्या प्रमाणात या शहरातला आहे.

कॅथीड्रल पूर्ण झालेलं पाहणं मात्र एंगेलच्या नशिबी नव्हतं. १८३० मध्ये सुरू झालेलं काम १८५२ मध्ये संपलं. चार कोपऱ्यांवरचे छोटे घुमट आणि छपरावरचे बारा शिष्यांचे पुतळे ही त्याच्यामागून आलेल्या लोरमान या वास्तुकाराची भर. ज्या भव्य पायऱ्यांमुळे आज हे कॅथीड्रल ओळखलं जातं, त्यासुद्धा एंगेलच्या आराखड्यात नव्हत्या. तिथं त्यानं पहारेकऱ्यांची चौकी बांधली होती. ती पाडून पायऱ्या केल्या गेल्या आणि पहाऱ्याच्या जागी शहराला बसायची जागा मिळाली. झार पहिल्या निकोलसच्या काळात या चर्चला संत निकोलसचं नाव दिलं होतं. स्वातंत्र्यानंतर तेही मागं पडलं. आत गेल्यावर मूर्ती किंवा सोनेरी काम दिसेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. हे लुथरपंथीय चर्च आहे. भिंती पांढऱ्या, सजावट नावापुरती आणि कोपऱ्यांत तीन पुतळे. त्यातला एक मिकाएल आग्रिकोला याचा. त्याच्या १५४३ च्या सुमाराच्या बाराखडीच्या पुस्तकापासून छापील फिनिश भाषा सुरू झाली.

आता पुन्हा झारकडे येऊ. पुतळा १८९४ चा आहे. चौथऱ्यावर १८६३ हे साल कोरलंय आणि पुतळा का टिकला याचं उत्तर त्या सालात आहे. पन्नासहून जास्त वर्षं न भरलेली फिनलंडची प्रतिनिधी सभा दुसऱ्या अलेक्झांडरनं १८६३ मध्ये बोलावली. त्याच वर्षी त्यानं फिनिश भाषेला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीनं आणण्याचा हुकूम काढला. त्याआधी तीन वर्षं फिनलंडला स्वतःचं चलन मिळालं होतं. चौथऱ्याच्या चार बाजूंना कायदा, श्रम, ज्ञान आणि शांती यांच्या आकृती आहेत. समोरची जागा कायद्याला दिलेली आहे.

या कायद्याच्या आकृतीचा उपयोग लवकरच झाला. १८९९ मध्ये त्याचा नातू दुसरा निकोलस यानं फिनलंडची स्वायत्तता आवळायला सुरुवात केली. फिन लोकांनी पाच लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज सेंट पीटर्सबर्गला पाठवला. झारनं शिष्टमंडळाला भेटच नाकारली. तेव्हा लोक या पुतळ्यापाशी येऊन फुलं ठेवू लागले. झारच्या पुतळ्याला फुलं वाहणाऱ्याला झारचे पोलीस अडवणार कसे? आजोबांचा पुतळा नातवाच्या विरोधात वापरला गेला. पाच वर्षांनी निषेधाचा मार्ग बदलला. समोरच्याच सरकारी वाड्यात यूगेन शाउमान या तरुण कारकुनानं रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्हवर गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःवरही. तो वाडा आज फिनलंडच्या मंत्रिमंडळाचं ठिकाण आहे.

विद्यापीठाशेजारचं राष्ट्रीय ग्रंथालय सुद्धा एंगेलचंच. दर्शनी भाग साधा, पण आतली घुमटाखालची दालनं पाहण्यासाठी आवर्जून जावं. तुर्कूच्या १८२७ च्या महाआगीत विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह खाक झाला. मग विद्यापीठ हेलसिंकीला हलवलं आणि या ग्रंथालयाला रशियन साम्राज्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकाशनाची प्रत मिळण्याचा हक्क देण्यात आला. तो १८२८ ते १९१७ पर्यंत चालला. पुढं शीतयुद्धात पाश्चात्त्य अभ्यासकांना सोव्हिएत ग्रंथालयांची दारं बंद असत, तेव्हा जुन्या रशियाचा अभ्यास करायला ते हेलसिंकीत येऊन बसत.

चौकाकडून धक्क्याकडे

चौकातून दक्षिणेला दोन मिनिटांत समुद्र लागतो. मधल्या घरांच्या गटांना जुनी नावं आहेत ती प्राण्यांची: हत्ती, सिंह, गेंडा, एकमदारी उंट. घरक्रमांक रूढ होण्यापूर्वी पत्ता सांगायची ही सोय होती. यातल्या एकाही प्राण्याला फिनलंडची थंडी मानवली नसती, पण नावं टिकली. चौकाच्या कोपऱ्यावर १७५७ मधलं सेडरहोल्म यांचं घर आहे. शहराच्या मध्यभागातली ही सर्वांत जुनी दगडी इमारत. एका धनाढ्य व्यापाऱ्याचं हे घर आता शहराच्या संग्रहालयाकडे आहे.

धक्क्यावरच्या बाजारचौकात एक ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. १८३३ मध्ये झारची राणी हेलसिंकीला आली होती, त्याची ही आठवण. तीसुद्धा एंगेलनं आखलेली. माथ्यावरचा दुतोंडी रशियन गरुड १९१७ च्या क्रांतीत उतरवला गेला आणि तोही रशियन खलाशांनीच. फिन लोकांनी तो १९७१ मध्ये पुन्हा वर बसवला. समोरचा वाडा मुळात एका व्यापाऱ्याचा. १८३७ मध्ये तो झारसाठी विकत घेतला गेला आणि आता तो राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बटाटे आणि मासे विकले जातात. जुलैत इथली खरी मौज म्हणजे स्ट्रॉबेरी आणि मटारच्या शेंगा. त्या लिटरच्या मापानं विकल्या जातात आणि लोक मटार कच्चेच, सोलत सोलत खात चालतात. हातातलं खाणं मात्र जपावं. इथले समुद्रपक्षी झडप घालण्यात पटाईत आहेत.

पूर्वेकडे टेकाडावर लाल विटांचं, सोनेरी कळसांचं उस्पेन्स्की कॅथीड्रल दिसतं. १८६८ मधलं हे ऑर्थोडॉक्स पंथाचं देऊळ सोनं, मूर्तिचित्रं आणि धुपाचा वास यांनी भरलेलं आहे. सकाळच्या पांढऱ्या चर्चनंतर लगेच इथं आलं म्हणजे पश्चिमेचा आणि पूर्वेचा ख्रिस्ती धर्म यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या विटांनाही इतिहास आहे. क्रिमियन युद्धात १८५४ मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ऑलंड बेटांवरचा बोमारसुंद हा रशियन किल्ला उद्ध्वस्त केला. त्याच्या विटा बोटींतून आणून हे कॅथीड्रल उभारलं गेलं.

तीन झेंड्यांचा किल्ला

बाजारचौकातून सुओमेनलिन्नाला जाणारी बोट ही शहरी वाहतुकीचाच भाग आहे. ट्रामचं तिकीट तिच्यावर चालतं आणि पंधरा मिनिटांत ती बेटावर पोचवते. १९९१ पासून हा किल्ला जागतिक वारसा यादीत आहे.

रशियाकडून मार खाल्ल्यावर स्वीडननं १७४८ मध्ये या बेटांवर तटबंदी घालायला सुरुवात केली. काम ऑगस्टिन एरेन्सवार्ड या तोफखान्याच्या अधिकाऱ्याकडे होतं. तो चित्रकारही होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस किल्ल्यावरची वस्ती समोरच्या हेलसिंकी गावाच्या तोडीस तोड झाली होती. उत्तरेचा जिब्राल्टर म्हणून नावाजलेला हा किल्ला १८०८ मध्ये मात्र सेनापती क्रोनस्टेटनं फारशी लढाई न करताच रशियनांच्या हवाली केला. का केला, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पुढं ११० वर्षं तो रशियाकडे होता. फिनलंडकडे आला तो १९१८ मध्ये, यादवी युद्धाच्या वर्षी. त्या वर्षी हरलेल्या लाल पक्षाचे हजारो कैदी इथं डांबले गेले. त्यातले कितीतरी भुकेनं आणि रोगराईनं गेले.

मुख्य धक्क्यापासून दक्षिण टोकाच्या राजदरवाजापर्यंतची वाट सुमारे दीड किलोमीटरची आहे. वाटेत लागणारं चर्च रशियनांनी १८५४ मध्ये आपल्या शिबंदीसाठी बांधलं, तेव्हा त्याला कांद्याच्या आकाराचे घुमट होते. स्वातंत्र्यानंतर ते उतरवून चर्च लुथरपंथीयांचं झालं. मधल्या घुमटावर दिवा बसवला गेला, तो आजही जहाजांना आणि विमानांना खूण दाखवतो. त्याच्या चार चमका म्हणजे मोर्स लिपीतलं हेलसिंकीचं पहिलं अक्षर. एरेन्सवार्डच्या काळातली सुकी गोदी अजून वापरात आहे. तिथं जुन्या शिडाच्या जहाजांची डागडुजी चालते.

आज सुमारे आठशे लोक किल्ल्यात राहतात. शाळा आहे, किराणा दुकान आहे. एक खुला तुरुंगही आहे. त्यातले कैदी किल्ल्याच्या देखभालीचं काम करतात. तोफांच्या बुरुजांवर गवत वाढलंय आणि त्यावर दुपारी हेलसिंकीकर सहकुटुंब शिदोरी सोडून बसलेले असतात. ६ किलोमीटर तटबंदी पाहणं दमवणारं आहे. त्यापेक्षा राजदरवाजापाशी खडकावर बसावं. समोरून टालिन-स्टॉकहोमची अवाढव्य प्रवासी जहाजं इतक्या जवळून जातात की डेकवरची माणसं ओळखू यावीत.

जेवण आणि एस्प्लानादी

परत आल्यावर जेवणासाठी धक्क्यावरची १८८९ मधली जुनी मंडई बरी. लाल-पिवळ्या विटांची ही लांबट इमारत झाली तेव्हा मांस आणि मासे पहिल्यांदा छपराखाली आले. इथं खायचं ते लोहिकेइत्तो, म्हणजे साल्मन माशाचं बटाटा, दूध-साय आणि शेपू घातलेलं सूप. मासे न खाणाऱ्यांनी कारेलियन पिराक्का मागावा. राय या धान्याच्या पातळ पारीत मऊ भात भरून भाजलेला हा पदार्थ पोटभरीचा असतो. वर लोणी आणि उकडलेलं अंडं कुस्करून लावतात, ते नको असेल तर आधी सांगावं. नंतर दालचिनीची गोड गुंडाळी आणि कॉफी. जगात दरडोई सर्वाधिक कॉफी पिणाऱ्या देशांत फिनलंड कायम वरच्या क्रमांकावर असतो. ही कॉफी फिकट भाजलेल्या बियांची असते. फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना पहिला घोट पाणचट वाटेल.

मंडईच्या अलीकडून पश्चिमेला एस्प्लानादी ही लांबट बाग सुरू होते. एरेनस्ट्रोमच्या आराखड्यात ही दगडी आणि लाकडी शहराची सीमारेषा होती. अधिकाऱ्यांची दगडी घरं एका बाजूला, कारागिरांची लाकडी घरं दुसऱ्या बाजूला. आज दोन्हीकडे दुकानं आहेत आणि मधल्या हिरवळीवर जो तो अंग टाकून उन्हात पडलेला असतो. मध्यावर योहान लुडविग रुनेबर्ग या कवीचा पुतळा आहे. फिनलंडच्या राष्ट्रगीताचे शब्द त्याचे, आणि ते मुळात स्वीडिशमध्ये लिहिलेले. पुतळा घडवला त्याच्या मुलानं, वॉल्टर रुनेबर्गनं. सकाळी पाहिलेला झारही प्रामुख्यानं याच वॉल्टरचा.

शहरातला कुठलाही रस्त्याचा फलक पाहिला तर त्यावर दोन नावं असतात: वर फिनिश, खाली स्वीडिश. स्वीडिश मातृभाषा असलेले लोक देशात पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. तरी १९१९ च्या राज्यघटनेनं दोन्ही भाषांना राष्ट्रभाषा म्हटलं आणि ते आजही तसंच आहे. जुन्या राज्यकर्त्यांची भाषा बोलणारे शेजारीसुद्धा आपलेच, हा निर्णय नव्या देशाच्या दुसऱ्याच वर्षी घेतला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी हा देश यादवीत होरपळला होता, हे लक्षात घेतलं की त्याचं मोल कळतं.

झारची खोली असलेलं स्टेशन

बागेच्या उत्तरेला अलेक्झांडर रस्ता ओलांडला की रेल्वे स्टेशन येतं. त्या रस्त्याचं नाव पहिल्या अलेक्झांडरचं, तेही न बदललेलं. स्टेशन एलिएल सारिनेन या फिनिश वास्तुकाराचं. १९०४ च्या स्पर्धेत त्यानं पहिला आराखडा दिला तो बुरूज आणि अस्वलांच्या कोरीवकामाचा, मध्ययुगीन थाटाचा. तरुण वास्तुकारांनी त्यावर सडकून टीका केली. विसाव्या शतकात प्रवाशांना गाडी पकडायची असते, किल्ला लढवायचा नसतो, असा त्यांचा रोख होता. सारिनेननं बाहेरचं रूप पार बदललं. आजचं कमानदार दार, सरळ उंच घड्याळाचा मनोरा आणि लालसर ग्रॅनाइटच्या भिंती हे त्या टीकेचं फळ आहे. दाराच्या दोन्ही अंगांना एमिल विकस्ट्रोमनं घडवलेले हातात गोल दिवे घेतलेले चार दगडी पुरुष आहेत. फिन लोकांचं त्यांच्यावर इतकं प्रेम आहे की जाहिरातींतूनही ते भेटतात.

पहिल्या महायुद्धामुळे स्टेशन रीतसर उघडायला १९१९ उजाडलं. बांधताना त्यात झारसाठी एक खास प्रतीक्षालय केलं होतं. उघडेपर्यंत झार उरला नव्हता. ते आता राष्ट्राध्यक्षांच्या वापरासाठी असतं. रुळांचंही तसंच. रशियन काळात १८६२ मध्ये पहिली रेल्वे धावली ती रशियाच्या मापाच्या, १५२४ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. पश्चिम युरोपचं माप १४३५ मिलिमीटर. फिनलंड अजून जुन्याच मापावर चालतो. पुतळ्याचं ठीक, पण रुळांचा वारसा देशाला महागात पडतो, कारण शेजारच्या स्वीडनमधून आलेली मालगाडी सरळ पुढं जाऊ शकत नाही.

स्टेशनच्या पश्चिमेला पाच मिनिटांवर एक चमत्कारिक चौक आहे. फरसबंदी मध्येच फुगून तिचे डोंगर झालेत आणि मुलं त्यावर चढून घसरतात. हे २०१८ मध्ये उघडलेल्या आमोस रेक्स या भूमिगत कलासंग्रहालयाचे घुमट. खालच्या दालनांना उजेड मिळावा म्हणून त्यांना खिडक्या आहेत. एका बाजूला १९३६ मधली काचेची देखणी इमारत, दुसऱ्या बाजूला एक जुनी पिवळी बैठी इमारत. इथं रशियन सैन्याच्या बराकी होत्या. १९१८ च्या लढाईत त्या उद्ध्वस्त झाल्या, त्यातला हा उरलेला भाग. कवायतीच्या मैदानावर पुढं अनेक वर्षं बसस्थानक होतं. आता तिथं मुलांची घसरगुंडी आहे.

खडकातलं चर्च

तिथून वायव्येला दहा-बारा मिनिटं चाललं की घरांच्या मधोमध एक खडकाळ टेकाड येतं. चर्च कुठं आहे, असा प्रश्न पडतो, कारण ते खडकाच्या आत आहे. तेम्पेलिआउकिओ चर्चची कल्पना १९३० च्या दशकातली. खोदकाम सुरू होतं न होतं तोच युद्ध आलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये सोव्हिएत विमानांनी हेलसिंकीवर तीन मोठे हल्ले केले, पण विमानविरोधी तोफांच्या माऱ्यामुळे बहुतेक बॉम्ब शहराबाहेर पडले. आपण सकाळपासून पाहत आलेलं जुनं शहर शाबूत आहे, त्याला हेही एक कारण.

चर्चसाठी पुन्हा स्पर्धा झाली ती १९६१ मध्ये. तिमो आणि तुओमो सुओमालाइनेन या भावांनी सुचवलं की टेकाडावर काही बांधायचंच नाही, आतून कोरायचं. सगळ्यांना ते रुचलं नाही. नायजेरियात बियाफ्राचे लोक उपाशी मरत असताना चर्चवर एवढा पैसा का, म्हणून विद्यार्थ्यांनी बांधकामाच्या जागी रंगानं मोठ्या अक्षरांत ‘बियाफ्रा’ लिहिलं. १९६९ मध्ये चर्च उघडलं. वर तांब्याच्या पट्टीचा घुमट, त्याच्या कडेनं गोल फिरणारी काचांची झालर आणि खाली सुरुंगाच्या भोकांसकट उघडी ठेवलेली भिंत. भिंती न गिलावता ठेवल्या त्या आवाजासाठी. खडबडीत दगडावर नाद छान पसरतो, म्हणून इथं गाण्याच्या मैफली होतात. हा खडक सुमारे १८०-१९० कोटी वर्षांचा. सकाळपासून पायाखाली तोच आहे. इथं मात्र तो हातानं चाचपता येतो.

समोरासमोर

आता उताराला लागून मॅनरहाइम रस्त्यावर यायचं. डावीकडे लालसर ग्रॅनाइटची, चौदा खांबांची संसद दिसते. ही इमारत १९३१ मधली, पण तिच्यामागची मोठी घटना आधीची आहे. १९०६ मध्ये, झारचं राज्य असतानाच, फिनलंडनं चार वर्गांची जुनी सभा मोडून एकच लोकसभा केली आणि स्त्रीपुरुष सर्वांना मताचा हक्क दिला. युरोपात हे प्रथमच घडत होतं. पुढच्याच वर्षी २०० जागांपैकी १९ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. जगातल्या या पहिल्या महिला लोकप्रतिनिधी. त्यांच्यात शिक्षिका होत्या, शिवणकाम करणाऱ्या होत्या आणि पूर्वी मोलकरीण म्हणून राबलेल्याही होत्या.

रस्त्यापलीकडे घोड्यावर बसलेला मॅनरहाइम आहे. सोव्हिएत संघाविरुद्धच्या दोन्ही युद्धांत फिनलंडचा सेनापती असलेला हा माणूस त्याआधी तीस वर्षं झारच्या सैन्यात अधिकारी होता. थोडं उत्तरेला अल्वार आल्तोचं पांढरं फिनलंडिया सभागृह. १९७५ मध्ये शीतयुद्धातल्या दोन्ही गटांच्या आणि तटस्थ अशा ३५ देशांनी हेलसिंकी करारावर सह्या केल्या त्या इथं. हा आल्तो फिनलंडचा सर्वांत नामवंत वास्तुकार. त्यानं हट्टानं इटलीहून कारारा संगमरवर आणला, पण फिनलंडच्या हिवाळ्यात त्या फरशा वाकल्या. १९९० च्या दशकात त्या बदलल्या, त्याही वाकल्या. पुन्हा बदलून सभागृह २०२५ मध्ये उघडलं, तेव्हा संगमरवर दुसऱ्या खाणीतला घेतला होता. आल्तोच्या चाहत्यांनी रागावू नये, पण दिवसभर पाहिलेल्या ग्रॅनाइटनं एवढा त्रास कुणाला दिला नाही.

संसदेच्या बरोबर समोर, नागरिक चौकाच्या पलीकडे, लाटेसारखं छत असलेली लाकडी आणि काचेची लांब इमारत आहे. हे ओदी, शहराचं मध्यवर्ती वाचनालय. पूर्वी या भागात रेल्वेची गोदामं होती, ती २००६ मध्ये आगीत गेली. स्वातंत्र्याच्या शताब्दीचं स्मारक काय करावं, याची चर्चा देशात झाली. विजयस्तंभ किंवा पुतळा सहज उभा राहिला असता. देशानं वाचनालय बांधलं. ५ डिसेंबर २०१८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ते उघडलं. खर्च सुमारे ९.८ कोटी युरो.

तळमजल्यावर आधाराचा एकही खांब नाही. पुलासारख्या पोलादी कमानींनी सगळा भार पेललाय. दुसऱ्या मजल्यावर शिवणयंत्रं, त्रिमितीय छपाईची यंत्रं आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. शाळकरी मुलगा पडदे शिवत असतो आणि शेजारी निवृत्त बाई यंत्राचा सुटा भाग छापत असते. पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर, सुमारे एक लाख. प्रवेशाला पैसे नाहीत, ओळखपत्र कुणी मागत नाही, पर्यटकानंही खुर्ची ओढून बसावं. बाहेरचा सज्जा मुद्दाम संसदेच्या पायऱ्यांच्या उंचीला आणलाय. वाचनालयातला माणूस आणि कायदा करणारा माणूस एका पातळीवर समोरासमोर, हा वास्तुकारांचा हिशेब.

रोममध्ये किंवा प्रागमध्ये आहेत तितक्या सुंदर इमारती हेलसिंकीत नाहीत. निव्वळ सौंदर्याच्या शर्यतीत हे शहर मागं पडेल. पण सार्वजनिक जागा कशी वापरावी हे शिकायचं असेल, तर युरोपात याच्याइतकं चांगलं शहर क्वचितच सापडेल. जुनं पाडून सूड उगवता येतो आणि जुनं जपून नुसतं मिरवताही येतं. या शहरानं तिसरा मार्ग घेतला: जे हाती आलं ते सर्वांच्या वापराचं केलं आणि नवं बांधायची वेळ आली तेव्हा पहिला मान वाचकाला दिला.

शहर पायी पाहताना प्रत्येक वास्तूपुढं तीन प्रश्न विचारावेत: ही कुणी बांधली, कुणासाठी बांधली आणि आज ती कोण वापरतं? हेलसिंकीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बदलत जातात आणि तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘कुणीही’ असं येतं. हे प्रश्न विचारायला फिनलंडला जायची वाट पाहू नका. आपल्याच गावातला जुना वाडा, कचेरी किंवा मंडई यांच्यापासून सुरुवात करता येईल.